इस्त्री रिडिमवर कोण कोण गायलं

११ फेब्रुवारी १९८६, मंगळवार

आज दुपारी वेंटवर्थ घामाघूम होऊन आला, काखेत ते खेळण्यातलं वाटावं असं छोटं कीबोर्ड. म्हणाला, "मास लॅस, दोन मिनिटं ऐका, नाही आवडलं तर हाकलून द्या." मी उकडलेली केळी आणि बांगडा खात होतो, आणि हाकलायच्या तयारीतच होतो. त्यानं वायर जोडली, बटण दाबलं आणि माझा घास हातातच राहिला.

बेस असा, की फळीवरची रमची बाटली सरकत सरकत कडेला आली. ड्रम अगदी मोजका. मधे एक रिकामी जागा सोडलेली, त्या जागेत जो कोणी बोलेल त्याचं बोलणं लोकांच्या डोक्यात रुतून बसणार. बावीस वर्षं या किंग्स्टनमध्ये रेकॉर्डिंग करतोय. लोकांनी टाकून दिलेल्या रिडिमवर, म्हणजे शब्दांविना नुसत्या बेस-ड्रमच्या तालावर, पोट भरत आलो. असा ताल आपल्या पायांनी माझ्या अंगणात आला ही पहिलीच खेप. पोरगा रेडिओ दुरुस्त करतो. त्याची बहीण आयोनी शेजारच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करता करता काहीतरी गुणगुणत होती, त्यावरून बांधला म्हणे.

चेहरा कोरा ठेवला आणि 'बघू' म्हणालो. तो गेल्यावर एकटाच नाचलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताल टेपवर चढवला. माझ्या मशीनवर आठ ट्रॅक. सात तालाला आणि कोरसला गेले, आठवा गाणाऱ्यासाठी. एकाचा आवाज घ्यायचा, मिक्स करून तबकडीला पाठवायचा, मग त्याच ट्रॅकवर दुसऱ्याचा आवाज. आधीचा आपोआप पुसला जातो. एका तालावर दहा जण गातात, टेप एकच.

पहिलं गाणं आयोनीचं. बाई तिशीची, बोलते कमी, पण बोलली की समोरचा उभा कापला जातो. गाणं असं, की कोळशाची इस्त्री तापवून ती नवऱ्याचा शर्ट कडक करते आणि तो शर्ट घालून नवरा दुसरीकडे जातो. दोन टेकमध्ये काम झालं. रिडिमला पहिल्या गाजलेल्या गाण्याचं नाव चिकटतं, तेव्हा याचं नाव आता इस्त्री. वेंटवर्थ काचेपलीकडून बहिणीकडे बघत होता आणि त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

आता मला डॅडी बाराकुडा हवा. तो गात नाही, तालावर शब्द फेकतो, पण त्याच्यासाठी लोक पत्र्याच्या भिंती चढतात. त्याच्या शब्दांत बंदूक असते आणि कमरेलाही. माइकपाशी जाण्याआधी ती माझ्या पियानोवर काढून ठेवतो. एवढा अदबीचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाराकुडा आला. ताल ऐकून डोळे मिटले, मान डोलावली. मग विचारलं, यावर आधी कोण? मी सांगितलं. त्याचं तोंड वाकडं झालं. "त्या कपडेवालीच्या मागून मी?" म्हणाला. तीन टेक वाया गेले. आवाजात काही दमच नाही, नळाला पाणी येईना तसं.

मग मी माझी काडी लावली. कलावंत भडकल्याशिवाय त्याचा आवाज लागत नाही, हे मी बावीस वर्षांत शिकलो. मोठमोठ्यांना मी असंच पेटवलंय. त्याला म्हणालो, तुला सांगणार नव्हतो, पण वेंटवर्थ तुला हसतो. म्हणतो, बाराकुडा म्हणजे तालामागून फरफटणारं गाढव, म्हणून तर बहिणीला पुढे काढली.

वेंटवर्थ असलं काही बोललेला नाही. उलट बाराकुडाच्या सगळ्या रेकॉर्ड त्याला तोंडपाठ. पण खरं सांगून आजवर कुणाचा आवाज लागलाय?

पुढचा टेक असा झाला की माझ्या अंगावर काटा आला. संपल्यावर त्यानं पिस्तूल उचललं आणि विचारलं, ते पोरगं राहतं कुठं. मी म्हटलं, शनिवारी डान्सला साउंडच्या स्पीकर-खोक्यांपाशी असेल, वायरी तोच बघतो, काय ते तिथं यमकांत मिटवा. तो हसला. मीही हसलो. संध्याकाळी चांगलं जेवलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

वेंटवर्थ गेला. हात धुऊन लिहायला बसलो तरी नखांत रक्त आहेच.

कालच्या डान्समध्ये आयोनीची रेकॉर्ड लागली आणि अंगण पेटलं. गाणं आवडलं की आमच्याकडे आभाळात गोळ्या झाडून सलामी देतात. काल वीसएक पिस्तुलं एकदम झडली, बायका किंचाळत नाचत होत्या, धुरानं डोळे चुरचुरत होते. सलामी थांबल्यावर बेस बंद पडला. सगळ्यांना वाटलं वायर निघाली. आयोनी खोक्यांमागे बघायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मग आम्ही गेलो. ती भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गोळी डाव्या कानाखालून शिरलेली, दुसरी बाजू उरली नव्हती. खोक्याच्या जाळीवर जे उडालं होतं ते मी माझ्या शर्टानं पुसलं.

ठाण्याचा सार्जंट म्हणाला, वर गेलेली गोळी खाली येतेच, सलामीत असं होतं. खरं आहे, होतं. मागच्या वर्षी एक फळवाली अशीच गेली. बाराकुडानं स्वतः प्रेत उचलायला पायांकडून हात दिला. एवढा मोठा माणूस, पण मन किती.

४ मार्च, मंगळवार

काल वेंटवर्थची नववी रात्र झाली, मयतानंतर आमच्याकडे त्या रात्री जागरण असतं. बाराकुडानं बोकड पाठवला आणि पांढऱ्या रमची पेटी. लोक जेवले, डॉमिनो खेळले, गायले. आयोनीनं बोकडाला हात लावला नाही. त्या घरात आता खुंटीवर परक्यांचे शर्ट तेवढे.

रिडिम मात्र धावतोय. म्हातारा कार्लाइल एक हळवं गाणं गाऊन गेला, जुळ्या बहिणी त्याला टोमणा मारून गेल्या, त्यांना उत्तर द्यायला आणखी दोघे रांगेत आहेत.

२० मार्च, गुरुवार

स्पीकर लावून डान्स भरवणाऱ्या दोन साउंडवाल्यांत 'इस्त्री' आधी कुणी वाजवायची यावरून भर बाजारात कोयते निघाले. एकाची दोन बोटं गेली. मासळीच्या पाटीत सापडली म्हणतात. दुकानदारांची मागणी दुसऱ्या दिवशीच वाढली. असं लिहू नये, पण वाढली.

२२ एप्रिल, मंगळवार

बाराकुडा नवं गाणं घेऊन आला, 'सलामी'. काडी लावायची गरजच पडली नाही, भरून आलेला. पहिल्याच टेकमध्ये अशी ओळ टाकली, की मी खुर्चीतून उठलो:

सलामी झडली आभाळात, एक गोळी आली खाली,
एक पाय बुटात, एक बूट हातात, अशी त्याची गत झाली.

मी म्हटलं, बूट हातात! असला तपशील बसल्या जागी सुचत नाही. तो म्हणाला, "बॉस, डोळे उघडे ठेवले की सुचतं." मिक्स नंतर करू, आधी उद्या आयोनीचा कोरस घालू.

२३ एप्रिल, बुधवार

आयोनीनं हेडफोन लावले, कोरस सुरू केला आणि मधेच थांबली. म्हणाली, परत लावा. परत लावलं. परत. सात वेळा. मला वाटलं सूर जुळत नसेल. बाई कामाला फार चोख, म्हणून कौतुकही वाटलं.

मग तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"त्या रात्री वेंटवर्थच्या हातात बूट होता, मास लॅस. प्लग सैल झाला होता, टाचेनं ठोकत असणार."

मी म्हटलं, सगळ्यांनी पाहिलंच असेल की मग.

"कुणी नाही पाहिलं. तुम्ही यायच्या आधी मी तो त्याच्या पायात घातला. मोज्याला भोक होतं. सकाळीच मी त्याला ओरडले होते, असला मोजा घालून चारचौघांत जातोस म्हणून. लोकांना दिसायला नको वाटलं."

गाणं ते गाणं असतं, असं काहीतरी पुटपुटलो असेन. ती म्हणाली, ही टेप पुसू नका, मी चर्चच्या पाद्रीबाबांना विचारते कुणाकडे न्यायची ती. मी नाही पुसणार म्हणालो. मनापासून म्हणालो.

खरंच का? बाराकुडा कशाला मारेल त्या पोराला? काय वैर होतं त्यांचं? मला तरी काही आठवत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

रमच्या दुकानात बाराकुडा भेटला. काय बोलावं सुचेना, म्हणून गाण्याची स्तुती केली. आयोनीनं ते कडवं सात वेळा ऐकलं, एवढं म्हणालो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आई सांगायची. तो ग्लास ठेवून उठला.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी आठलाच आला. ओळ बदलायची म्हणाला. मी म्हटलं, ट्रॅक एकच आहे, जुनं पुसलं जाईल. "तेच तर," म्हणाला. पिस्तूल नेहमीसारखं पियानोवर ठेवलं. फक्त आज तोंड माझ्या बाजूला होतं.

मी बटण दाबलं. साडेतीन मिनिटं. बुटाच्या जागी आता नुसती 'रक्ताची धार' आली, जी प्रत्येकाच्या गाण्यात असते. ओळ पडेल झाली, हे मी त्याला सांगितलंही.

३० एप्रिल, बुधवार

आयोनी टेप न्यायला आली. मी सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान खुर्ची तरी फेकेल. तिनं विचारलं, "पिस्तूल कुठं होतं?" मी पियानोकडे बोट केलं. तिनं जाऊन त्या जागेवर तळहात ठेवला, धूळ पुसावी तसा फिरवला आणि निघून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१० मे, शनिवार, दुपार

आज 'सलामी' पहिल्यांदा वाजणार, बाराकुडा अंगणात उभा राहून माइकवर साथ देणार. आत्ता तालीम झाली. नुसता लाकडाचा ओंडका. डोळे सारखे दाराकडे. असा गायला तर गाणं आजच मेलं आणि माझं बावीस वर्षांचं नाव त्याच्याबरोबर.

शेवटी जुनाच उपाय केला. म्हटलं, आयोनी गल्लीभर सांगत फिरतेय, की बाराकुडानं घाबरून ओळ बदलली. एका इस्त्रीवालीनं तुझ्या तोंडातला शब्द काढून घेतला. ती कुणाला काय सांगतेय मला माहीत नाही, मी तिला दहा दिवसांत पाहिलेलं नाही. पण त्याचा जबडा घट्ट झाला, मान वर आली. आता गाईल.

११ मे, रविवार

क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं झालं नाही.

अंगण खचाखच. 'सलामी' लागायच्या आधी आयोनी साउंडपाशी आली. पांढरा ड्रेस, कडक इस्त्रीचा. रेकॉर्ड लावणाऱ्याला म्हणाली, इस्त्रीची मागची बाजू लाव, नुसता ताल. तिचा भाऊ त्याच खोक्यांमागे गेला होता, तिला नाही कोण म्हणणार. तिनं माइक घेतला.

"माझं होईपर्यंत सलामी नको. ज्याच्या कमरेला जे आहे ते तिथंच राहू दे. आवडलं तरी."

लोक हसले, पण कमरेवरचे हात खाली आले. ती बोलू लागली, गाणं नाहीच, तालाच्या त्या रिकाम्या जागेत एकेक वाक्य ठेवत गेली. सैल प्लग. टाच. बूट. मोज्याचं भोक. मग म्हणाली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी एकाच्या गाण्यात आलं, आणि मास लॅसनं ते आपल्या कानानं ऐकलंय. सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी मान हलवली, होय म्हणून. एवढं मात्र मी केलं.

तेव्हा एक गोळी सुटली. एकच. सलामी नव्हती, दुसरी गोळी नव्हती, त्यामुळे ती कुठून आली हे पाचशे माणसांनी ऐकलं. आयोनीच्या जबड्याचा खालचा भाग उडाला. ती उभीच राहिली, माइक हातात धरून, पांढरं सगळं लाल होईपर्यंत, मग बसली.

बाराकुडानं आणखी दोनदा चाप ओढला, पण अडकला. मग लोक त्याच्यावर पडले. बाटल्या, कुंपणाचे खांब, भिंतीच्या विटा. एका बाईनं लोखंडी तव्यानं त्याचा हात ठेचला, शांतपणे, जिन्नस कुटावा तसा. हाड मोडण्याचा आवाज तालातही ऐकू येतो. तो ओरडत होता, "तो मला हसला! गाढव म्हणाला मला! तालामागून फरफटणारं गाढव म्हणाला!" तीन-चारदा ओरडला. मग चौघांनी मोठं खोकं उचललं आणि त्याच्या डोक्यावर टाकलं. ताल चालूच होता, कुणी बंद करायला गेलंच नाही. शेवटी मी जाऊन सुई उचलली.

आयोनीला गाडीत घातलं तेव्हा ती शुद्धीत होती आणि माझ्याकडे बघत होती.

१६ मे, शुक्रवार

तिचा थोरला भाऊ ओबडाया तिकडे ट्रेलॉनी परगण्यातून आलाय. ऊसतोडीचा माणूस, पन्नाशीचा, मनगटं माझ्या पोटरीएवढी. सरकारी हॉस्पिटलच्या बाकावरच झोपतो. लोकांनी त्याला सगळं सांगितलंय. तो मला रोज एकच विचारतो, "माझा धाकटा कुणाला हसणारा नव्हता. ही बातमी त्या माणसाकडे कुणी नेली?" मी म्हणतो, गल्ली आहे, लोक बोलतात. तो मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतो. रागानं नाही. हवा कशी आहे विचारावं तसं.

मी झोपत नाही. या वहीची मागची पानं वाचली. अठरा फेब्रुवारीचं पान वाचलं. माझंच अक्षर आहे. 'संध्याकाळी चांगलं जेवलो.'

वैर काय होतं, विचारत होतो.

२० मे, मंगळवार

आज आयोनीला उशीला टेकवून बसवलं होतं. तोंडाच्या जागी सगळं बँडेज, मधून एक नळी. ती आता गाणार नाही. डॉक्टर म्हणतात बोलणारही नाही. ओबडाया तिच्यासाठी भोपळ्याचं सूप गाळून आणायला गेला होता. तिनं कागद-पेन्सिल मागितली आणि लिहिलं, "वेंटवर्थ गाढव म्हणाला, हे त्याला कोणी सांगितलं?"

कागद माझ्या पुढ्यात धरला. बावीस वर्षांत मी किती थापा मारल्या असतील. त्या क्षणाला दहा तरी तयार होत्या, एकाहून एक चांगल्या. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपलं असतं.

मी पेन्सिल घेतली आणि तिच्या ओळीखाली लिहिलं, "मी. त्याचा आवाज लागावा म्हणून. वेंटवर्थ तसं बोलला नव्हता. त्या शनिवारी तुझ्याबद्दलही मीच सांगितलं."

तिनं वाचलं. बराच वेळ वाचत होती, एवढं काही त्यात नव्हतं. मला वाटलं फाडेल. ओबडाया सूप घेऊन आला तेव्हा तिनं तो कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा केला, आणि तेव्हा मला कळलं. त्या माणसाला वाचता येत नाही. त्यानं खाटेकडे बघितलं. तिला बोलता येत नाही. मग त्यानं कागद मला दिला.

"वाचून दाखव, मास लॅसेल्स." लॅस नाही, माझं पूर्ण नाव घेतलं.

आयोनीनं डोळे मिटले नाहीत. मी काय वाचतो ते बघत राहिली. कागदावर काय आहे हे त्या खोलीत फक्त तिला आणि मला ठाऊक होतं, आणि तिच्याकडे तोंड नव्हतं.

मी वाचलं. तिचा प्रश्न वाचला, मग माझं उत्तर. जसं होतं तसं. आवाज नीट लागला नाही.

ओबडाया म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं.

त्यानं कागद मागून घेतला, चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात ठेवला. सुपात चमचा ढवळला, निवलंय का ते मनगटावर थेंब टाकून पाहिलं.

"घरी जा," म्हणाला. "मी हिला पाजतो आणि येतो."

मी आलो. चालतच आलो. वाटेत दोन ठिकाणी इस्त्री वाजत होती, एके ठिकाणी कार्लाइलची, दुसरीकडे जुळ्यांची. आता चार वाजलेत. टेपवरच्या आठव्या ट्रॅकवर बाराकुडाचा आवाज अजून तसाच आहे, पुसला नाही, त्यावर आता कोण गाणार. दाराची कडी काढून ठेवली आहे.